स्प्रिंग का बसते, स्प्रिंग का तुटते

स्प्रिंग तुटली की कारखान्यात पहिली सूचना ठरलेली असते: तार एक मिलिमीटर जाड घ्या. सूचना करणारा बहुधा साहेब असतो आणि त्याचं म्हणणं वरवर पटतंही. जाड ते दणकट, बारीक ते नाजूक, हा हिशेब दोरखंडाला लागू पडतो, तुळईला लागू पडतो, मग स्प्रिंगला का नको? हे पुस्तक ज्यांच्यासाठी लिहिलं आहे ते भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोलीचे सुपरवायझर, टूलरूमवाले, आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं यांनी ही सूचना एकदा तरी ऐकलेली असणार. म्हणून प्रस्तावनेची सुरुवात तिच्यापासूनच करतो.

कॉइल स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार दबत नाही, ती पिळली जाते. या पिळण्यातून स्प्रिंगचा कडकपणा येतो. तो तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, कॉइलच्या व्यासाच्या तिसऱ्या घाताने कमी होतो, आणि वेढे जितके जास्त तितका उतरतो. बाकी सगळं तेच ठेवून १० मिलिमीटरची तार ११ केली, तर स्प्रिंग ४६ टक्के जास्त कडक होते. मागितली होती मजबुती, मिळाली दुसरीच स्प्रिंग. बरं, त्यानं तुटणं तरी थांबतं का? वर ठरावीक वजन येत असेल, म्हणजे गाडीच्या सस्पेन्शनसारखं काम असेल, तर तारेतला ताण सुमारे २५ टक्क्यांनी उतरतो. साहेब इथे जिंकले. पण स्प्रिंगला ठरावीक अंतरच दबायचं असेल, इंजिनच्या व्हॉल्व्हची किंवा क्लचची स्प्रिंग दबते तसं, तर जाड तारेत ताण वाढतो, तोही तारेच्या व्यासाच्या प्रमाणात: तार दहा टक्के जाड, ताण दहा टक्के जास्त. म्हणजे टिकावी म्हणून जाड केलेली स्प्रिंग आधीपेक्षा लवकर तुटते. शिवाय वेढ्यांमधली फट कमी होते आणि पूर्ण दबल्यावर कॉइलवर कॉइल आपटू लागते.

हा सगळा हिशेब नवा नाही. रॉबर्ट हुकने १६७६ साली आपला नियम अक्षरांची उलटापालट करून, कोडं म्हणून छापला होता, कुणी पळवू नये म्हणून. १६७८ मध्ये त्याने कोडं उलगडलं: जितकं ताणाल तितकं बळ. शाळेत हा नियम आपण सगळे घोकतो. त्याच्या पुढचा भाग मात्र कारखान्यातही फारसा कुणी सांगत नाही. तो असा की पोलाद कुठलंही घ्या, साधं कार्बन पोलाद असो की क्रोम-व्हॅनेडियम की सिलिकॉन-क्रोम, पिळाला विरोध करण्याचा त्याचा गुणांक जवळपास तोच, सुमारे ८० गिगापास्कल. भट्टीत घालून पाणी दिलं म्हणून स्प्रिंग अधिक कडक होत नाही. एकाच मापाच्या दोन स्प्रिंगा घ्या, एक हार्डनिंग-टेंपरिंग केलेली आणि एक मऊ. थोडं वजन ठेवलंत तर दोघी सारख्याच दबतील. फरक कळतो तो वजन वाढवल्यावर. मऊ स्प्रिंग दबते आणि परत येत नाही. तिला आपण म्हणतो ‘बसली’.

तेव्हा कडकपणा मापांनी ठरतो, बसणं-न बसणं धातू आणि उष्णोपचारावर ठरतं, आणि तुटणं? तुटणं बहुतांशी तारेच्या वरच्या काही दशांश मिलिमीटरमध्ये ठरतं. पुस्तक वाचताना ही शेवटची गोष्ट धरून ठेवली तर बाकीची प्रकरणं आपोआप जागेवर बसतात. स्प्रिंग कातडीवर जगते आणि कातडीवरच मरते.

याचं कारण पिळण्यातच आहे. पिळलेल्या तारेच्या गाभ्यात ताण शून्य असतो आणि बाहेर जाल तसा वाढत पृष्ठभागावर सर्वांत जास्त होतो. त्यातही कॉइलच्या आतल्या बाजूला, जिथे तारेची वळणवाट आखूड असते, तिथे तो आणखी चढतो. किती चढतो याचं सूत्र वेस्टिंगहाउस कंपनीतल्या ए. एम. वाल या इंजिनिअरने बसवलं. त्याचं १९४४ चं स्प्रिंगांवरचं पुस्तक अजूनही या धंद्यातला मूळ ग्रंथ मानतात. कॉइलचा व्यास तारेच्या पाचपट असेल तर आतल्या बाजूला सरळ हिशेबापेक्षा ३१ टक्के जास्त ताण येतो, दहापट असेल तर साधारण १५ टक्के. लहान जागेत जाड तारेची घट्ट कॉइल कोंबणाऱ्या डिझायनरने हे दोन आकडे टेबलावर चिकटवून ठेवावेत.

आता थकवा. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि किमान पन्नास माणसं गेली. धातू पुन:पुन्हा ताण सोसून, कधीही मर्यादा न ओलांडता, एक दिवस तुटतो हे तेव्हा नीटसं कुणाला उमगलेलं नव्हतं. पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या आउगुस्ट वोलरने आसांचे नमुने वर्षानुवर्षं फिरवून मोजलं की किती ताणाला किती फेऱ्या मिळतात. त्याच्या कामातून जी वक्ररेषा आली ती आज प्रत्येक डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला काढावी लागते. विद्यार्थी ती काढतात, पण फेऱ्या म्हणजे किती याचा अंदाज त्यांना नसतो. मोटरसायकलचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर व्हॉल्व्हची स्प्रिंग मिनिटाला ३००० वेळा दबते, तासाला १ लाख ८० हजार वेळा. एक कोटी फेऱ्या छप्पन तासांच्या आत होतात. पुण्याहून गोव्याला चार-पाच वेळा जाऊन आलात की कोटीचा आकडा बराच जवळ येतो. दाराच्या कडीतली स्प्रिंग जन्मभरात त्याच्या पासंगालाही पुरणार नाही. तरी दोन्हींना एकाच नजरेने बघून ‘चांगली तार वापरा’ एवढंच सांगितलं जातं.

इतक्या फेऱ्यांमध्ये पृष्ठभागावरचा कुठलाही दोष सुटत नाही. तार ओढताना डायची पडलेली रेघ, कॉइलिंग मशीनच्या झिजलेल्या पिनने काढलेला ओरखडा, गंजाचा खड्डा, भट्टीत हवा लागून पृष्ठभागातला कार्बन उडाल्याने झालेला मऊ थर. हा शेवटचा दोष फार लबाड. हार्डनेस टेस्टर मधल्या भागाची कठीणता दाखवतो, अहवाल ‘पास’ म्हणतो, आणि जिथे ताण सर्वांत जास्त तिथेच धातू कच्चा असतो. तो बघायचा तर तुकडा कापून, पॉलिश करून, सूक्ष्मदर्शकाखालीच धरावा लागतो. व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या तारेत तर पोलाद वितळवतानाच अडकलेला अॅल्युमिनाचा कण, केसाच्या जाडीच्या निम्म्याहून लहान, पुरतो. म्हणून ती तार ‘सुपरक्लीन’ पोलादाची घेतात, वरचा थर सोलून काढतात आणि एडी करंटने तपासतात. त्यामुळे ती महागही असते. घासाघीस करणाऱ्या खरेदी विभागाला ही किंमत कशाची आहे ते समजावून सांगणारं प्रकरण या पुस्तकात आहे, आणि ते खरेदीवाल्यांना सक्तीने वाचायला लावावं असं माझं मत आहे.

कातडी वाचवण्याचा सर्वांत प्रभावी उपाय शॉट पीनिंग. पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा स्प्रिंगवर करायचा. प्रत्येक गोळी पृष्ठभागावर सूक्ष्म खळगी पाडते, वरचा थर पसरू बघतो, खालचा धातू त्याला पसरू देत नाही, आणि वरचा थर कायमचा दाबात अडकतो. चीर उघडायला ताण लागतो; दाबाखालच्या थरात ती उघडत नाही. १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत व्हॉल्व्ह स्प्रिंगांवर हा प्रयोग सुरू झाला. जनरल मोटर्समधल्या जॉन आल्मेनने पुढे तो मोजायची रीत बसवली, आणि तिच्यामुळेच ही कला राहिली नाही, प्रक्रिया झाली.

रीत इतकी सोपी आहे की पाहताना गंमत वाटते. ७६ मिलिमीटर लांब, १९ रुंद, ‘ए’ प्रकारात साधारण १.३ मिलिमीटर जाड अशी पोलादी पट्टी. ती ठोकळ्यावर चार स्क्रूंनी धरायची आणि स्प्रिंगच्या जागी मशीनमध्ये ठेवायची. मारा एकाच बाजूला बसतो. स्क्रू सोडले की पट्टी भाजलेल्या पापडासारखी वळून उठते. किती वळली ते डायल गेजवर मोजायचं. मग दुसरी पट्टी दुप्पट वेळ, तिसरी त्याच्या दुप्पट. वेळ दुप्पट करूनही वळण दहा टक्क्यांपेक्षा कमी वाढलं की समजायचं मारा पुरेसा झाला. बस, एवढंच. एवढं करायचा कंटाळा असतो म्हणून कितीतरी ठिकाणी ‘शॉट पीनिंग’ म्हणजे शॉट ब्लास्टिंगच असतं: खपली निघाली, चकाकी आली, सर्टिफिकेटवर शिक्का बसला. ब्लास्टिंगने पृष्ठभाग साफ होतो. पीनिंगने त्याची अवस्था बदलते. आल्मेन पट्टीचा आकडा नसलेलं पीनिंगचं सर्टिफिकेट मी असेन तर परत पाठवेन.

आणखी दोन बारकावे लेखकांनी नेमके पकडले आहेत. एक, फुटलेल्या गोळ्या. मशीनमध्ये फिरून फिरून गोळ्या फुटतात, त्यांना धार येते, आणि धारेची गोळी खळगी पाडत नाही, ओरखडा काढते. चाळणी वेळेवर बदलली नाही तर पीनिंगनेच स्प्रिंगचं आयुष्य घटतं. दोन, कॉइलची आतली बाजू. ताण तिथे जास्त, आणि गोळ्यांना तिथेच पोचायला सर्वांत अवघड. बाहेरून झकास दिसणारी स्प्रिंग आतून कोरी असू शकते. वेढ्यांमधून बारीक आरसा घालून बघणारा इन्स्पेक्टर ज्या कारखान्यात असेल त्या कारखान्याचा माल डोळे मिटून घ्यावा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. स्प्रिंगच्या पोलादाचं बरोबर उलट आहे. पीनिंगने भरलेला दाब २५० अंशांच्या वर तापवलं की उतरू लागतो, आणि मग त्या भट्टीनंतर स्प्रिंग जवळपास पूर्वपदावर. म्हणून पीनिंगनंतर ताणमुक्तीची भट्टी लावायची ती २०० अंशांच्या आसपास, आणि पेंट भाजण्याचं तापमानही त्याच बेतात.

दुसरा उपाय आपल्याकडे रेल्वे वर्कशॉपांत फार जुना आहे: स्क्रॅगिंग. स्प्रिंग हव्या त्या उंचीपेक्षा थोडी उंच बनवायची आणि मुद्दाम पूर्ण दाबून, कॉइलला कॉइल टेकवून, काही वेळा सोडायची. तारेची कातडी किंचित कायमची सरकते, गाभा तिला मागे ओढतो, आणि कामाच्या उलट दिशेचा ताण तारेत बसून राहतो. स्प्रिंग थोडी बसते, पण कारखान्यातच बसते, गिऱ्हाइकाच्या गाडीत नाही. ही युक्ती एकाच दिशेने काम करणाऱ्या स्प्रिंगलाच चालते. टॉर्शन बारला म्हणूनच डावा-उजवा असतो. बदलून लावलात तर भरलेला फायदा तोटा होतो.

स्प्रिंगचं काम एकटीनं होत नाही हे विसरू नये. रेल्वेच्या आयसीएफ डब्यांच्या बोगीत स्प्रिंगा ठरावीक वजनाखाली दाबून, उंचीप्रमाणे तीन गटांत लावतात आणि त्यांना पिवळा, निळा, हिरवा रंग देतात. एका बोगीत एकाच रंगाच्या स्प्रिंगा. सगळ्या उत्तम आणि उंची वेगवेगळी असेल तर जी उंच तिच्यावर जास्त भार, आणि तीच आधी जाते. दुचाकी-चारचाकीच्या गॅरेजात एकच स्प्रिंग बदलून जोडीची जुनी ठेवतात तिथे हेच घडतं, फक्त रंग नसल्यामुळे कळत नाही.

पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण पाट्यांचं आहे, कारण ते आपल्या रस्त्यांवरून आलेलं आहे. घाटात उभा राहिलेला ट्रक, खाली जॅक, आणि ‘पाटा तुटला’ एवढंच सांगणारा क्लीनर हे दृश्य ज्याने पाहिलं नाही असा मराठी माणूस विरळा. मेन पाटा मधल्या बोल्टच्या भोकातून तुटतो, कारण भोक म्हणजे आयतीच ताण गोळा करणारी जागा. यू बोल्ट ढिले पडले की ती जागा उघडी पडते. म्हणून नवे पाटे बसवल्यावर काही दिवसांनी यू बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, आणि ते आवळले जात नाहीत. पाट्यांच्या मधे वाळू शिरते, पाटे एकमेकांवर घासतात, आणि घासलेल्या जागेतून चीर निघते. पाट्याची वरची, म्हणजे खोलगट बाजू ताणात असते. पीनिंग तिथे हवं, आणि पाटा भाराच्या दिशेने वाकवून ठेवून मारा केला तर ते आणखी लाभतं. मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणाऱ्या पॅराबोलिक पाट्यात पाटे थोडे लागतात, घर्षण कमी होतं आणि वजनही.

आणि मग येतो आपला इलाज: ओव्हरलोड करायचाय, एक पाटा जास्त टाका. पाटा टिकतोही, पण मार आस आणि चॅसिसच्या ब्रॅकेटवर जातो. दुसरा इलाज बसलेल्या पाट्याला कोळशाच्या भट्टीत तापवून पुन्हा कमान द्यायची. कमान येते. त्याबरोबर मूळची टेंपरिंग जाते, वरचा कार्बन जातो, पीनिंग तर कधीच गेलेलं असतं. पाटा दोन महिन्यांत परत बसतो आणि दोष पोलादाला लागतो. हौशी तरुण गाडी खाली बसवण्यासाठी कॉइलचा एक वेढा गॅसने कापतात ती गोष्टही याच जातीची: वेढा कमी, म्हणून स्प्रिंग उलट कडक, आणि कापलेल्या टोकाजवळचं पोलाद भाजून खराब.

धातूंच्या प्रकरणाबद्दल माझी थोडी तक्रार आहे. ते लांबलं आहे. बहुतेक कारखान्यांना इतकंच लागतं: छोट्या आणि मध्यम स्प्रिंगांना थंड ओढलेली म्युझिक वायर, साधारण १२० अंशांपर्यंत, त्याहून गरम जागी सिलिकॉन-क्रोम, साधारण २५० पर्यंत, गंजाचा प्रश्न असेल तर स्टेनलेस, पण त्याचा गुणांक थोडा कमी म्हणून मापं पुन्हा काढायची, भट्टीच्या आसपास निकेलच्या मिश्रधातूंना पर्याय नाही. बाकी तक्ते संदर्भाला ठेवावेत. व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या थरथरीचा भाग, म्हणजे स्प्रिंगचे वेढे स्वतःच्या लयीत नाचू लागतात आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाही तो, थोडक्यात पण चोख आहे. वेढ्यांचं अंतर असमान का ठेवतात आणि स्प्रिंगमध्ये स्प्रिंग घालताना एक डावी एक उजवी का वळतात (एकीचे वेढे दुसरीत अडकू नयेत म्हणून) ते तिथे वाचावं.

गंजावर मात्र आणखी पानं चालली असती. कोकणातला पाऊस आणि खारी हवा यांच्यापुढे सस्पेन्शनच्या स्प्रिंगची खालची टोकाची कॉइल फार दिवस टिकत नाही. तिथे माती-खडी साचते, पेंट उडतो, खड्डा पडतो, आणि थकव्याला दार उघडतं. त्यावर लोक झिंक प्लेटिंग करून घेतात, आणि इथे नव्या माणसाला चकवा बसतो. आम्लात धुताना आणि प्लेटिंगच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो. कठीण स्प्रिंग मग काम न करता, नुसती दाबून ठेवलेली असताना, रात्रीतून तुटते. प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास कित्येक तास भाजणं हा त्यावरचा उपाय. दुसऱ्या दिवशी सवडीने भाजलं तर उपयोग थोडा. त्यापेक्षा आम्ल आणि वीज दोन्ही टाळणारा झिंकच्या पापुद्र्यांचा लेप बरा, किंवा खाली फॉस्फेट देऊन पावडर कोटिंग.

शेवटचं प्रकरण तुटलेल्या स्प्रिंगा वाचण्याचं आहे, आणि घाईत असलेल्या वाचकाने तेच आधी वाचावं. दहापट भिंग पुरतं. थकव्याने गेलेली कॉइल तारेला साधारण ४५ अंशांचा तिरका कट घेऊन तुटते. त्या तोंडावर एका ठिकाणी गुळगुळीत, मंद डाग असतो आणि त्याच्याभोवती ओहोटीच्या रेघांसारख्या अर्धवर्तुळाकार रेषा. त्या रेषांचा केंद्रबिंदू म्हणजे जिथून चीर निघाली ती जागा. जागा कॉइलच्या आतल्या बाजूला असेल आणि तिथे दोष दिसत नसेल, तर डिझाइनचा ताणच जास्त आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर ओरखडा शोधा. टोकापासून एक-दीड वेढ्यावर असेल तर कॉइल बैठकीवर घासतेय. गुळगुळीत डागच नाही, सगळं तोंड दाणेदार, आणि एकाच बॅचच्या चार-पाच स्प्रिंगा आठवड्यात गेल्या, तर प्लेटरला फोन करा.

दोन्ही तुकडे हातात आले की ते एकमेकांना लावून बघायचा मोह सगळ्यांना होतो. लावू नयेत, तोंडं घासली की त्या रेषा पुसल्या जातात. तेलाचा हलका हात फिरवून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावेत, आणि पिशवीवर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि तारीख लिहावी.